नातवाचा पंप आजीला चालेल का?

प्रश्न : आम्ही निफाड तालुक्यात वस्तीवर राहतो. द्राक्षबाग आहे, थोडा कांदा असतो. माझ्या सासूबाई ६१ वर्षांच्या आहेत. तीन-चार हिवाळे झाले, त्यांचा खोकला हटत नाही. सकाळी उठल्यावर आधी बेडके पडतात, मग कुठे बोलता येतं. आता मळ्यातून घरी येताना दोनदा बांधावर टेकतात. उन्हाळ्यापासून वजनही उतरलंय. बिडीला त्यांनी जन्मात हात लावलेला नाही. एक्स-रे काढला, डॉक्टर म्हणाले टीबी वाटत नाही, आणि पावडरीच्या कॅप्सूल लिहून दिल्या. आठवडाभर सकाळी चहाबरोबर आणि रात्री जेवणानंतर दिल्या, काडीचा फरक पडला नाही, म्हणून बंद केल्या. मध्यंतरी शेजारच्या वस्तीवर एकाला टीबी निघाला, तेव्हापासून मी आईंचं ताट-पेला वेगळा ठेवते. त्या काही बोलल्या नाहीत, पण आता एकट्याच ओट्यावर जेवतात. त्यात माझ्या ८ वर्षांच्या मुलाला रात्री खोकल्याची उबळ येते, छातीत सूं-सूं वाजतं. नाशिकच्या बालरोगतज्ज्ञांनी पंप, म्हणजे इनहेलर, दिलाय, त्याने त्याला आराम पडतो. पण घरात सगळे म्हणतात, पंपाची सवय लागते, पोराची वाढ खुंटते. मुलाला आजीचंच लागलं का? त्याचा पंप आईंना चालेल का? कोजागिरीला दुधातून दम्याचं औषध देतात, तिथे दोघांना नेऊ का?

— एक सून, निफाड तालुका

उत्तर :

ताई, आधी ते ताट आत घ्या.

टीबी आहे की नाही हे अजून ठरायचंय. पण समजा असला, तरी तो ताटवाटीतून पसरत नाही. तो पसरतो हवेतून. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, शिंकतो, तेव्हा उडणारे बारीक थेंब बंद खोलीत तरंगत राहतात आणि दुसऱ्याच्या श्वासात जातात. म्हणजे काळजी घ्यायचीच तर खिडक्या उघडा, खोकताना तोंडावर रुमाल धरायला सांगा, आणि निकाल येईपर्यंत नातवाचं अंथरूण आजीजवळ नको. एका पंगतीत बसून जेवायला हरकत नाही. उलट वजन उतरत असलेलं माणूस एकटं जेवायला बसलं की अर्धी भाकरी तशीच ठेवतं.

आता टीबीचंच आधी उरकू, कारण बाकी सगळं त्यानंतरचं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर बेडका तपासायचा, हा आपल्याकडचा साधा नियम आहे. आईंना तर वर्षं झाली, शिवाय वजन उतरलंय. एक्स-रे पाहून डॉक्टरांनी ‘वाटत नाही’ म्हटलं, त्यात त्यांचं चुकलं असं नाही. पण फोटोवर टीबीचा संशय घेता येतो, टीबी आहे की नाही याचा निकाल फोटो देत नाही. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात बेडका द्या. ट्रूनॅट किंवा सीबीनॅट नावाच्या यंत्रावर काही तासांत कळतं की जंतू आहेत का, आणि असलेच तर रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला ते दाद देतील का. पैसे लागत नाहीत.

बेडका देताना एक गोष्ट सांभाळा. सकाळी उठल्याबरोबर, चूळ भरून, दोन-चार खोल श्वास घेऊन छातीतून खाकरून काढलेला बेडका हवा. बरेच जण डबीत लाळ टाकून येतात आणि ‘काही निघालं नाही’ म्हणून निश्चिंत होतात. लाळेत काही निघणार नाहीच. डबी भरताना कोणी समोर उभं राहू नका, आईंना अंगणात मोकळ्या हवेत जाऊ द्या.

आणि तोवर खोकल्यासाठी कुणी लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिकचा कोर्स दिला तर आधी विचारा, बेडक्याची तपासणी झाली का म्हणून. या जातीची औषधं टीबीच्या जंतूंनाही थोडी दाबतात. पेशंटला पंधरा दिवस बरं वाटतं, खरा आजार मागे सरकतो, निदान लांबतं.

निघालाच टीबी, तर घाबरू नका. सहा महिन्यांचं औषध असतं : पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, रोज, फुकट. लघवी केशरी होते, ते औषधाचंच लक्षण. उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून खात्यावर पैसेही येतात, आधी महिन्याला ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. खरी अडचण येते ती दुसऱ्या महिन्यानंतर. भूक लागते, ताप जातो, माणूस म्हणतं मी बरा झालो आणि गोळ्या सोडतं. मग परत येतो तो औषधांना न जुमानणारा टीबी असू शकतो. आईंना टीबी निघाला तर तुमच्या मुलाचीही तपासणी लागेल, त्याला आजार नसला तरी तो होऊ नये म्हणून औषध देतात.

आपल्या देवळालीला एकेकाळी मुंबईहून लोक छातीच्या दुखण्यासाठी हवापालटाला यायचे, पारशांची आरोग्यभवनं तिथे उभी राहिली. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ मध्ये. त्याआधी टीबीचे जंतू मारणारं खात्रीचं औषध नव्हतं, भर असायचा तो हवा, दूध आणि विश्रांतीवर. आज गोळी आहे, आणि आपण पेला वेगळा करण्यात अडकलोय.

आता तुमच्या पत्रातला एक शब्द मला खटकला : ‘चहाबरोबर’.

ताई, आई त्या कॅप्सूल गिळत होत्या का? माझा अंदाज आहे, हो. यात त्यांना हसू नका, हे मी पुष्कळांच्या बाबतीत पाहतो. कॅप्सूल म्हटलं की पाण्याबरोबर घ्यायची, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. दुकानदार पाकीट देतो, सोबतचं प्लॅस्टिकचं यंत्र पिशवीत तसंच राहतं. पण ही कॅप्सूल पोटासाठी नसतेच. तिच्यात चिमूटभराहूनही कमी पावडर असते, ती थेट श्वासनळ्यांवर बसावी म्हणून बनवलेली. गिळली तर अपाय सहसा होत नाही, पण उपायही होत नाही. म्हणजे आईंना औषध लागू पडलं नाही, असं अजून म्हणताच येणार नाही, ते त्यांच्या छातीपर्यंत पोचलंच नाही.

घेण्याची रीत अशी. कॅप्सूल यंत्रात घालायची, यंत्राच्या प्रकाराप्रमाणे ते फिरवून किंवा दाबून ती उघडायची. मग तोंड बाजूला करून श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, यंत्रात फुंकायचं नाही, नाहीतर पावडर उडते आणि ओलसर होते. ओठ घट्ट मिटून जोरात आणि खोल ओढायचं. मनात दहा आकडे मोजेपर्यंत श्वास धरायचा. यंत्र उघडून बघायचं, पावडर उरली असेल तर त्याच कॅप्सूलचा पुन्हा एक झुरका. शेवटी गुळण्या करून पाणी थुंकायचं, कारण औषधात स्टेरॉइड असेल तर तोंडात पांढरी बुरशी धरते. पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर आईंना करून दाखवायला लावा. आईंच्या छातीत एवढ्या जोरानं ओढण्याइतकी ताकद नसेल, तर डॉक्टर पावडरीऐवजी फवाऱ्याचा पंप आणि त्याला जोडायची प्लॅस्टिकची नळकांडी, म्हणजे स्पेसर, देतील. त्यात उलट असतं, सावकाश ओढायचं.

बेडक्यात टीबी निघाला नाही, तर आईंना काय असेल? पाहिल्याशिवाय निदान करत नाही, पण लक्षणं वाचून माझा पहिला संशय सीओपीडीवर जातो. श्वासनळ्या कायमच्या आखडणं आणि फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांची लवचीकता जाणं, असा तो आजार. हा विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा रोग, असं सगळे समजतात, आणि त्या समजुतीपायी कितीतरी बायकांचं निदान राहून जातं. सिगारेट नसली तरी धूर असतोच. आईंनी लग्न होऊन आल्यापासून किती वर्षं चुलीवर स्वयंपाक केला ते विचारा. गॅस आला तरी अंघोळीचं पाणी अजून चुलीवर किंवा बंबात तापतं का, आणि सरपण म्हणून छाटणीच्या काड्या जातात का, तेही बघा. त्या काड्यांवर हंगामभराच्या फवारण्या बसलेल्या असतात. बंद पडवीत रोज अर्धा तास तो धूर नाकातोंडात जाणं म्हणजे कॅप्सूल घेऊन उपयोग शून्य.

याचं निदान एक्स-रेवर होत नाही, सुरुवातीला फोटो चक्क स्वच्छ येतो. त्यासाठी फुंकण्याची तपासणी असते, स्पायरोमेट्री. नाकाला चिमटा लावतात, छाती भरून हवा घ्यायची आणि नळीत एका दमात शेवटपर्यंत फुंकायचं, सहा सेकंदांच्या वर. पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर आली आणि एकूण किती आली, याचं गुणोत्तर बघतात. मग पंपाचं औषध देऊन पंधरा-वीस मिनिटं थांबवतात, पुन्हा फुंकायला लावतात. औषधानंतरही गुणोत्तर ०.७० च्या खाली राहिलं तर नळ्या कायमच्या अरुंद झाल्यात, सीओपीडी. औषधानं आकडा चांगलाच वर गेला तर दम्याकडे बोट जातं. सुई नाही, काही नाही, नाशिकमध्ये छातीच्या डॉक्टरांकडे सहज होते. फक्त बेडक्याचा निकाल आल्यावरच करा, कारण टीबी असलेल्यानं त्या यंत्रात फुंकलं तर पुढच्याला धोका.

इथेच तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर आहे. नाही, नातवाचा पंप आजीला चालणार नाही.

मुलाचं वर्णन दम्याचं आहे. दम्यात श्वासनळ्यांना आतून सूज असते, ती कमी-जास्त होते, मधल्या काळात मूल अगदी ठणठणीत दिसतं. म्हणून दम्याचं मूळ औषध सूज उतरवणारं, म्हणजे श्वासातून घ्यायचं थोडं स्टेरॉइड. नळ्या रुंदावणारं औषध त्याच्या जोडीला. नुसतं रुंदावणारं औषध घेत राहिलं तर आराम पडतो पण आतली सूज धुमसत राहते, आणि एखाद्या रात्री जोराचा झटका येतो. सीओपीडीत गणित उलटं. तिथे मुख्य औषध नळ्या रुंदावणारं, बारा किंवा चोवीस तास टिकणारं. स्टेरॉइड फक्त काहींना, ज्यांचा आजार वारंवार उसळतो त्यांना. सरसकट दिलं तर न्यूमोनियाचा धोका वाढतो. दोन्ही यंत्रं दिसायला एकसारखी, रंगही कधी कधी सारखा, आत वेगळं. शिवाय एकच पंप दोघांनी तोंडाला लावायचा म्हणजे आजीचा संसर्ग नातवाला.

आजीचं त्याला ‘लागलं’ नाही. दमा संसर्गानं होत नाही, सीओपीडीही नाही. दम्याची प्रवृत्ती घराण्यात चालत येते हे खरं, तुमच्या माहेरी कुणाला दमा, सर्दी-शिंका, अंगाला खाज असला प्रकार आहे का तेही आठवून बघा. सगळा दोष सासरच्या खात्यावर टाकायची घाई नको!

सवयीचं. पंपाची सवय लागते म्हणणाऱ्यांना विचारा, चष्म्याची लागते का? आजार रोजचा आहे म्हणून औषध रोज आहे. आणि मात्रा बघा : साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं, त्याच औषधाच्या ४ मिलिग्रॅमच्या गोळीत त्याच्या ४० पट. गोळी रक्तातून अंगभर फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते. तरी आपल्याकडे गोळी म्हणजे साधं औषध आणि पंप म्हणजे शेवटचा उपाय! हे नेमकं उलटं आहे. वाढीबद्दल म्हणाल, तर कमी मात्रेच्या स्टेरॉइड पंपानं उंचीवर परिणाम होतो तो सेंटिमीटरभराच्या आसपास. रात्र-रात्र खोकून झोप मोडणाऱ्या, शाळा बुडणाऱ्या, खेळायला न मिळणाऱ्या मुलाची वाढ त्याहून जास्त मार खाते. त्याला पळू द्या, क्रिकेट खेळू द्या. पंप स्पेसर लावून द्या, आणि बरं वाटलं म्हणून तुमच्या मनानं बंद करू नका. मात्रा कमी करायची ती बालरोगतज्ज्ञ करतील.

कोजागिरीचं दूध घरी आटवा, सगळ्यांनी प्या. पण दम्याच्या पेशंटला दवात, थंडीत मोकळ्या मैदानात रात्रभर जागवणं हाच मुळी झटक्याला निमंत्रण देण्याचा प्रकार. त्यातून ‘आता पंप बंद करा’ असं कुणी सांगितलं तर तिथून उठून या. याहून मला भीती वाटते ती बिननावाच्या पुड्यांची. तीन दिवसांत चमत्कार झाल्यासारखं बरं वाटलं, भूक वाढली, चेहरा गोल झाला, तर त्या पुडीत बहुधा स्टेरॉइडची गोळी कुटलेली असते. महिनोन्‌महिने ती पोटात गेली की साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू येतो. पंपातल्या स्टेरॉइडला घाबरणारी घरं ही पुडी मात्र श्रद्धेनं मधात कालवून देतात, याचं मला नेहमी नवल वाटतं.

आता घर आणि मळा. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली, म्हणजे भुरीसाठी गंधकाची धुरळणी, डाऊनीसाठी फवारणी सुरू होईल. त्या वेळी आजी-नातू दोघंही बागेत नकोत, वारा घराकडे असेल तर दारं-खिडक्या लावून घ्या. पदर किंवा उपरणं बांधून फवारणीचं औषध अडत नाही. एन-९५ मास्क धूळ अडवतो, औषधाची वाफ नाही. फवारणाऱ्यासाठी गाळणीची डबी असलेला वेगळा मास्क मिळतो, तो घरच्या कर्त्या माणसासाठी घ्या, नाहीतर काही वर्षांनी त्यांच्याबद्दल पत्र लिहाल. चाळीतला कांदा निवडायला आई बसत असतील तर ते कामही बंद करा. काजळी धरलेल्या कांद्यावरून जी काळी धूळ उडते ती बुरशीच असते, आणि असल्या नळ्यांना ती अजिबात सोसत नाही.

हिवाळ्यात निफाडचा पारा कसा उतरतो ते तुम्हाला मी सांगायला नको. त्याआधी आईंना फ्लूची लस द्या, ती दरवर्षी घ्यावी लागते. न्यूमोनियाची लस वेगळी, तीही डॉक्टरांना विचारून घ्या. या वयात, अशा छातीवर न्यूमोनिया झाला तर दवाखान्यात दाखल व्हायची वेळ येते. पहाटे मळ्यात जाणं थांबवा, ऊन पडल्यावर चालू द्या. पण चालू द्याच. दम लागतो म्हणून बसवून ठेवलं की पायाचे स्नायू जातात आणि मग दोन पावलांतही दम लागतो. चालताना नाकानं श्वास घ्यायचा आणि शीळ घालताना ओठ करतो तसे करून सावकाश सोडायचा, घेण्याच्या दुप्पट वेळ लावून. टेकावं लागलं तर टेकू द्या, घाई करू नका.

सीओपीडी पूर्ण बरा होत नाही, हे आईंना खोटं न सांगता सांगा. झिजलेलं भरून येत नाही. पण धूर बंद झाला, औषध नीट पोचलं, तर पुढची झीज मंदावते आणि बांधावर दोनदा टेकणाऱ्या आई कदाचित एकदाच टेकतील. माझ्या लेखी हा मोठा फरक आहे.

टीबी नाही, सीओपीडीही नाही, असंही निघू शकतं. घराच्या माळ्यावर पारवे-कबुतरं असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा, त्यांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीनं फुप्फुसं आतून जाड होत जातात, तो आजार वेगळा, त्याचे उपचार वेगळे. सुका खोकला आणि चालताना बोटावरच्या ऑक्सिमीटरमधला ऑक्सिजनचा आकडा झपकन उतरणं ही त्याची खूण. आईंची बोटंही बघा. नखं फुगून पोपटाच्या चोचीसारखी वळली असतील, तर एकट्या सीओपीडीत तसं होत नाही, कॅन्सरसकट दुसरी कारणं शोधावी लागतात, आणि मग सीटी स्कॅन टाळायचा नाही. बेडक्यात रक्त दिसलं तर थांबू नका, त्याच दिवशी जा.

ऑक्सिमीटर कोरोनात घेतलेला असेलच, कपाटातून काढा. गार बोटावर तो भलतंच दाखवतो, आधी हात चोळून गरम करा. बसल्या जागी आकडा ९० च्या खाली, एक वाक्य पुरं करता येत नाही, ओठ निळसर, किंवा नेहमीपेक्षा गुंगी, बरळणं, यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा, पुड्या-वाफेत वेळ घालवू नका. मुलाच्या बाबतीत बरगड्यांमधली जागा श्वासागणिक आत ओढली जातेय का ते बघा, जात असेल तर पंप स्पेसरमधून देत देत दवाखाना गाठा. ऑक्सिजनचं सिलिंडर मात्र कुणाच्या सांगण्यावरून घरी आणू नका. सीओपीडीत ऑक्सिजन जास्त झाला तरी घात करतो, डॉक्टर तो साधारण ८८ ते ९२ च्या दरम्यान धरून देतात.

तेव्हा आधी बेडक्याची डबी. निकाल आला की जुना एक्स-रे, कॅप्सूलचं पाकीट आणि ते न वापरलेलं यंत्र, तिन्ही पिशवीत घालून छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि फुंकण्याची तपासणी मागून घ्या. आईंना सोबत घेऊन जाताना मुलाचा पंपही न्या, दोन्हींवरची नावं डॉक्टरांकडून मराठीत लिहून घेऊन चिकटवा, एकावर ‘आजी’, एकावर त्याचं नाव. काय निघालं ते मला कळवा, बेडक्यात जंतू निघाले तर त्याच दिवशी.